टाकीची सावली कोण मोजणार?

गोंदिया शहरातल्या नव्या वस्त्यांत स्लॅबवर चढले की दोन वस्तू हमखास शेजारीशेजारी दिसतात. एक काळी पाण्याची टाकी, दुसरी सौर पॅनेलची रांग. टाकी दक्षिणेला असेल, तर त्या घराच्या विजेचा काही भाग दर हिवाळ्यात तिच्या सावलीत जातो.

हिशेब साधा आहे. गोंदिया साधारण साडेएकवीस अक्षांशावर येते. 21 जूनच्या आसपास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेकडे असतो आणि टाकीची सावली तिच्या पायाशीच राहते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र तो दुपारीही 45 अंशांच्या वर चढत नाही, म्हणजे सहा फूट उंचीची सावली सहा फूट लांब पडते. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला ती जवळपास दुप्पट होते. कूलरचे बिल पाहून लोक उन्हाळ्यात सौरचा विचार करतात, पाहणीही त्याच दिवसांत होते आणि तेव्हा गच्ची सगळीकडे लख्ख दिसते!

पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यामुळे सावली हातभर असली, तरी तोटा तेवढाच राहत नाही. बायपास डायोड पूर्ण साखळी वाचवतो, पण पॅनेलचा मोठा हिस्सा तेवढ्या वेळेपुरता निकामी होतो.

13 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला 60 हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान आहे. ते किलोवॅटवर ठरते. पॅनेल उन्हात बसले की टाकीआड, याने रकमेत फरक पडत नाही. म्हणून मंजुरीच्या कागदांत डिसेंबरमधल्या सावलीचा नकाशा सक्तीचा करायला हवा. बसवणाऱ्याने नऊ ते तीन या वेळेतली सावलीची कड गच्चीवर खडूने आखून दाखवावी आणि त्यावर घरमालकाची सही घ्यावी. मोबाइलवरही ही सावली आज काढता येते, त्यामुळे डिसेंबरपर्यंत थांबण्याचीही गरज नाही.

उन्हाचा ताप ही दुसरी बाब. पॅनेलला प्रकाश लागतो, उष्णता नव्हे. 25 अंशांच्या वर दर अंशाला उत्पादन सुमारे 0.4 टक्के घटते आणि मे महिन्यात काचेखालचे सेल हवेपेक्षा कितीतरी तापतात. टिनाच्या शेडवर पॅनेल चिकटवून बसवले, तर खालून वारा खेळत नाही. राइस मिलच्या शेडवर भुशाची धूळही बसते; ती पहाटे, काच थंड असताना धुवावी.

सगळ्यात अवघड प्रश्न कवेलूच्या घरांचा आहे. साडेपाचशे वॉटचे एक पॅनेल साधारण 28 किलोचे. अशी सहा पॅनेल आणि वर लोखंडी सांगाडा जुन्या लाकडी फाट्यांवर ठेवणे धोक्याचे. तिरोड्याचा औष्णिक प्रकल्प 3,300 मेगावॅटचा आहे आणि त्याच जिल्ह्यातल्या कवेलूखालच्या कुटुंबांना या योजनेत पाऊल ठेवायला छत नाही. त्यांच्यासाठी अंगणात खांबांवर, दक्षिण मोकळी ठेवून सांगाडा उभारता येतो. खाली गुरांना सावली मिळते, धान ठेवायला जागा होते. पण पाया आणि खांबांचा खर्च वाढतो आणि तो भार त्या कुटुंबांवर न टाकता जिल्हा परिषदेने उचलावा.