दुग्धज्वरात ताप नसतो! गोठ्यात थर्मामीटर ठेवा



आज पिकावर नाही, एका छोट्या वस्तूवर लिहितोय. थर्मामीटर. हिंदीत त्याला तापमापी म्हणतात, आपल्या पोरांच्या विज्ञानाच्या पुस्तकातही तोच शब्द आहे. मला तो आवडतो, कारण त्यात 'माप' आहे. आपण शेतकरी मापाला लई जपतो. उसाची गाडी काट्यावर गेली की आकडा दोनदा बघतो. डेअरीवर फॅट एक पॉइंट कमी लागली की भांडतो. आणि गाईला ताप आहे का, हे मात्र कानाला हात लावून ठरवतो. ही आपली चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मी ती करून बसलोय म्हणून सांगतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस. तिसऱ्या वेताची एचएफ संकरित गाय, गोठ्यात सगळ्यात जास्त दुधाची. व्याली, जार पडला, सगळं व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी रात्री बसली ती उठेना. मान पोटाकडं वळवलेली, नाक कोरडं. शेजारी म्हणाला, "दुग्धज्वर दिसतोय." मी दहावी पास माणूस. ज्वर म्हणजे ताप, एवढं मला कळतं. घरात होत्या त्या तापाच्या गोळ्या दिल्या आणि अंगावर ओलं पोतं टाकलं. कान गार लागत होते, पण थंडी आहे, गार असणारच, असं वाटलं. डॉक्टरला रात्री कशाला उठवायचं, सकाळी बघू म्हटलं.

सकाळी डॉक्टर आले, थर्मामीटर लावला. 97. म्हणाले, "हिला ताप नाही, ही गार पडलीय. रात्री फोन का नाही केला?" कॅल्शियमची बाटली लावेपर्यंत गाय गेली. आधीच गार पडलेल्या गाईवर मी थंडीत ओलं पोतं टाकलं होतं. ते अजून डोक्यातून जात नाही.

दुग्धज्वर हे नावच फसवं आहे. व्याल्यावर दुधात एकदम कॅल्शियम जातं, रक्तातलं कमी पडतं. मग स्नायूंची ताकद जाते, गाय बसते आणि अंग गार पडत जातं. सुरुवातीला ताप नॉर्मलही दिसतो, म्हणून नुसत्या आकड्यावर गाफील राहू नका. पण व्यालेली गाय बसलीय आणि आकडा 100 च्या खाली आलाय, तर मिनिटभरही थांबू नका. वेळेत शिरेतून कॅल्शियम मिळालं तर बऱ्याच गाई काही तासांत उठून उभ्या राहतात. ते डॉक्टरनंच द्यायचं. घाईत सोडलं तर हृदय बंद पडू शकतं.

उलट बाजूही बघा. तिवा, गोचीड ताप, लम्पी यांत ताप खरंच चढतो, 104 च्या पुढंही जातो. 2022 ला लम्पी आली तेव्हा आपण गाठी शोधत बसलो. पण ताप आधी येतो, गाठी नंतर उठतात. रोज आकडा बघणाऱ्याला जनावर वेगळं बांधायला थोडा जास्त वेळ मिळतो.

कुणी म्हणेल, "आमच्या बापजाद्यांना हाताला कळायचं." कळायचं, पण त्यांच्याकडं वीस लिटरची गाय नव्हती. आणि कान हा हवेचा ताप सांगतो, पोटातला नाही. आपला हात गार पाण्यातून निघालेला असेल तर निरोगी गाईलाही ताप वाटतो. डॉक्टरचं म्हणाल तर त्यांना रात्रीत दहा गावांतून फोन. "गाय आजारी आहे" आणि "काल व्यालीय, बसलीय, ताप 98" या दोन फोनमध्ये ते आधी कुठं जातील, तुम्हीच सांगा.

पद्धत सोपी आहे:

1. साधा डिजिटल घ्या, दीड-दोनशे रुपयांत येतो. पाऱ्याचा काचेचा नको, जनावर हललं की फुटतो. माणसांचा वेगळा, जनावरांचा वेगळा.

2. टोकाला थोडं तेल लावून गुदद्वारात दोनेक इंच घाला आणि आतल्या कडेला टेकवा. शेणात रुतला तर आकडा चुकतो. दोरी बांधून शेपटीला चिमटा लावा.

3. सकाळी ऊन चढायच्या आत बघा. दुपारच्या उन्हात निरोगी गाईचाही आकडा वर जातो.

4. मोठ्या गाईचा नॉर्मल साधारण 101.5 फॅरनहाइट, म्हणजे 38.6 सेल्सिअस. 103 च्या पुढं गेला तर डॉक्टरला कळवा. मोजायच्या आधी तापाची गोळी देऊ नका, खरा आकडा लपतो.

5. व्याल्यावर दहा दिवस रोज मोजा आणि गोठ्यातल्या कॅलेंडरवर लिहा.

आता दुसरा थर्मामीटर, भिंतीवरचा. मोबाइलवर दिसतो तो आकडा तुमच्या गोठ्याचा नसतो. हवामान खात्याचा थर्मामीटर उघड्या जागी, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत असतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठात गेलात तर ती पेटी बघून या. आपल्या पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये त्यापेक्षा जास्त तापतं. संकरित गाईला 25-26 सेल्सिअसच्या पुढंच त्रास सुरू होतो. म्हणून गाईच्या पाठीच्या उंचीला, ऊन लागणार नाही असा एक थर्मामीटर टांगा. पंखा आणि पाणी कधी सुरू करायचं ते त्याच्यावरून ठरवा, आपल्याला घाम आलाय का यावरून नाही.

माझं म्हणणं एवढंच. डेअरी दुधाचं माप घेते, कारखाना उसाचं माप घेतो, कारण त्यात त्यांचा पैसा आहे. गाईत आपला पैसा आहे आणि जीवही आहे. तिचं माप आपणच घ्यायचं.

डॉक्टर मंडळींनी काही चुकलं असेल तर हक्कानं दुरुस्त करावं. आणि तुमच्या गोठ्यात आज थर्मामीटर आहे का, खरं खरं सांगा.