डोसा पोटाला हलका, साखरेला नाही

मधुमेह निघाला म्हणून रात्रीची भाकरी बंद केली आणि डोसा सुरू केला, असं सांगणारे बरेच जण जामनेरात भेटतात. ‘आंबवलेला असतो, हलका असतो,’ हे त्यांचं कारण. ते अर्धंच खरं आहे.

पीठ आंबतं तेव्हा काय होतं? उडदासोबत आलेले जिवाणू पिठातली थोडी साखर खातात. त्यातून आम्ल आणि वायू तयार होतो. पीठ आंबट होतं, फुगतं. काही ‘ब’ जीवनसत्त्वं वाढतात. फायटेट कमी झाल्यामुळे लोह जास्त शोषलं जातं. हे फायदे खरेच आहेत. पण तांदळातला स्टार्च बहुतांश तसाच राहतो आणि बारीक वाटल्यामुळे लवकर पचतो. स्टार्च लवकर पचला की रक्तातली साखरही लवकर चढते.

हिशेब करा. 100 ग्रॅम तांदळात सुमारे 78 ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं जेमतेम 7-8 ग्रॅम. उडदाच्या डाळीत प्रथिनं 23-24 ग्रॅम. आपण मात्र तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद घेतो आणि वर बटाट्याची भाजी भरतो!

माझं मत स्पष्ट आहे: डोसा सोडू नका, त्याला खानदेशी करा. आपली कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि उडीद. धान्याच्या प्रथिनांतली उणीव डाळ भरून काढते. डोशातही तेच तत्त्व आहे. मग दोन वाट्या ज्वारी, एक वाटी उडीद आणि चमचाभर मेथ्या घ्या. ज्वारी रात्रभर भिजवून वाटा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44 अंशांवर जातो, तेव्हा पीठ पाच-सहा तासांतच फुगतं. लगेच फ्रीजमध्ये ठेवा. सोडा घातलेला झटपट डोसा फुगलेला असतो, आंबलेला नसतो.

दोन डोसे, वाटीभर घट्ट सांबार, शेंगदाण्याची चटणी. बटाटा नको. ज्वारीनेही साखर वाढतेच, म्हणून जेवायला लागल्यापासून दोन तासांनी तपासा. बहुतेक मधुमेहींची ती 180च्या आत हवी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळ किती खायची, हे आधी डॉक्टरांना विचारा.

आणि हो, कळण्याची भाकरी बंद करायला तुम्हाला सांगितलं कोणी?