नाव लिहायला हवं होतं

द्रोणागिरी नोडमध्ये राहणाऱ्या आम्हा उरणकरांना समोरची मुंबई रोज दिसते. त्या मुंबईचं जॅझ मात्र आपल्या वाचनात क्वचितच येतं. म्हणून हा अंक मुंबईत जॅझ वाजवणाऱ्या गोव्याच्या ख्रिस पेरींना वाहिला आहे.

१९२८ साली मडगावच्या बोर्डा भागात ख्रिस्तोव्हाम परेरा, म्हणजेच ख्रिस पेरी, जन्मले. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन ते वाजवायचे, गाणीही स्वतः लिहायचे आणि स्वरबद्ध करायचे. त्यांचं ‘बेबदो’ नीट ऐका. विषय दारुड्याचा, भाषा कोकणी आणि चाल थेट स्विंगवर डोलणारी. गायिका लॉर्ना कॉर्देरोंचा भरदार, किंचित खरखरीत आवाज अंगावर येतो आणि मागून पितळी वाद्यं त्याला उत्तर देतात. दोन्हींत कमी-जास्त कोण, ते मला आजही ठरवता येत नाही!

चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या ‘व्हेनिस’मध्ये पेरींसारखे गोव्याचे वादक रात्री जॅझ वाजवत. हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओंतही गोव्याचेच वादक भरलेले असत. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना केली. श्रेयनामावलीत अशांची नावं अनेकदा आलीच नाहीत, हा अन्याय मला सलतो.

पेरी २००२ मध्ये गेले. पुढे बार्डरॉय बार्रेटो यांनी ‘नाचुया कुंपासार’ हा चित्रपट काढला आणि पेरींची गाणी नव्या पिढीच्या ओठांवर आली. लॉर्ना तर दीर्घ मौनानंतर १९९५ मध्येच पुन्हा मंचावर उभ्या राहिल्या होत्या.