आकाशातील रनिंग स्टाफ

विमानाने प्रवास करण्याचा योग आपल्या रेल्वे आणि टपाल कामगारांपैकी थोड्यांनाच येतो. आपला प्रवास पासवर, त्यातही खालचा बर्थ मिळाला तर नशीब. त्यामुळे विमानात काम करणाऱ्या मुलामुलींविषयी आपल्या मनात जे चित्र आहे ते सिनेमातले आणि जाहिरातीतले. ‘हवाई सुंदरी’ हा शब्दच असा की त्यात सुंदरी दिसते, कामगार दिसत नाही. आम्हीही बरीच वर्षे त्याच समजुतीत होतो, हे आधी कबूल करतो.

फेडरेशनच्या बैठकीसाठी आम्ही उद्यान एक्स्प्रेसने बंगळुरूला गेलो होतो. बैठक आटोपल्यावर एका वयस्क सहकाऱ्याला भल्या पहाटे देवनहळ्ळीच्या विमानतळावर पोचवायला जावे लागले. सव्वातीनची वेळ. बाहेर चहा घेत असताना शेजारी उभी असलेली गणवेशातील एक मुलगी आमचे बोलणे ऐकून म्हणाली, ‘काका, तुम्ही महाराष्ट्रातले का?’ मुलगी कोल्हापूरकडची. कोणत्या कंपनीत आहे ते लिहीत नाही. तिच्या नोकरीवर गदा यायला नको. रात्री दीड वाजता गाडी तिच्या दारात आली होती. आज चार उड्डाणे, दुपारी सुटका, उद्या दुपारची ड्युटी, परवा पुन्हा मध्यरात्रीचा कॉल. ‘विश्रांती देतात ना?’ आम्ही विचारले. ती हसली. ‘कागदावर देतात, काका. पण भर दुपारी बाराला झोप म्हटलं की झोप येते का?’

बंधू-भगिनींनो, हे वाक्य आम्ही आयुष्यभर रनिंग रूममध्ये ऐकत आलो आहोत. लोको पायलटच्या तोंडून ऐकले, गार्डच्या तोंडून ऐकले, रात्रभर आरएमएसच्या डब्यात उभे राहून टपाल सॉर्ट करणाऱ्या मित्रांच्या तोंडूनही ऐकले. त्या पहाटे ते विमानतळावर ऐकले आणि मनात आले, ही मुलगी आपलीच आहे. हा आकाशातील रनिंग स्टाफ आहे.

केबिन क्रूचे काम चहा-नाश्ता देण्याचे, अशी लोकांची समजूत आहे. नाश्ता देणे हे त्यांचे वरकड काम. खरे काम आहे आग लागली, धूर झाला, विमान धावपट्टीवरून घसरले, तर माणसे बाहेर काढण्याचे. निम्मी दारे बंद आहेत असे धरूनही ९० सेकंदांत सगळे प्रवासी बाहेर पडू शकले पाहिजेत, या कसोटीला उतरल्याशिवाय मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळत नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान दुसऱ्या विमानाला धडकून पेटले. आतले सर्व ३७९ जण जिवंत बाहेर आले. कोणते दार उघडायचे आणि कोणते बंद ठेवायचे, हे आगीच्या उजेडात केबिन क्रूने ठरवले. त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांवर झोप असती तर? गाडीत गार्डची लाल झेंडी जे काम करते, तेच विमानात ही मुले करतात.

आता झोपेचा हिशेब पाहू. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पहाटे मंगळुरूला उतरताना डोंगरमाथ्यावरील धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. दोन वैमानिक आणि चार केबिन क्रू, असे विमानातील सहाही कर्मचारी गेले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज मिळाला. सुमारे दोन तासांच्या मुद्रणापैकी पहिला एक तास चाळीस मिनिटे त्यांचे बोलणेच नाही. उतरण्याचा प्रयत्न सोडून द्या, असे सहवैमानिकाने तीनदा बजावूनही त्यांनी ऐकले नाही, हे अपघाताचे मुख्य कारण ठरले. आणि गाढ झोपेतून नुकत्याच उठलेल्या मेंदूचा जडपणा त्यामागे असू शकतो, असे चौकशीने नोंदवले. या अहवालातील एक गोष्ट प्रत्येक युनियन कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी. उड्डाणापूर्वी कॅप्टनला पुरेशी विश्रांती उपलब्ध होती, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे रोस्टर निर्दोष होते. पण पहाटेची ती वेळ अशी असते की शरीर रोस्टर मानत नाही.

शास्त्रज्ञ दुसरे काय सांगतात? १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की सलग १७ तास जागा असलेला माणूस हातून तितक्याच चुका करतो, जितक्या रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेला माणूस करतो. २४ तास जागरण झाले तर ०.१० टक्के. आपल्या लॉबीत साइन ऑनच्या वेळी तोंडापुढे ब्रेथलायझर धरतात, आणि ते योग्यच आहे. पण झोप मोजणारे यंत्र कोणत्याही लॉबीत नाही, कोणत्याही विमानतळावर नाही. तिथे कामगाराच्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागतो, आणि नेमका तोच कोणी ठेवत नाही.

सरकारी नियमांचा इतिहासही उद्बोधक आहे. २००७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम काढले. २००८ मध्ये ते स्थगित करून १९९२ चे जुने परिपत्रक पुन्हा लागू केले. वैमानिकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. २०११ मध्ये तिथे हरल्या. पुढे जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा नवे नियम आले : आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरायची, रात्रीत सहाऐवजी दोनच लँडिंग. जून २०२४ मध्ये लागू व्हायचे ते लांबत गेले. दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर जुलै आणि नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. जवळजवळ दोन वर्षांची मुदत हाती असूनही इंडिगोसारख्या सर्वांत मोठ्या कंपनीकडे डिसेंबर २०२५ मध्ये पुरेसे वैमानिक नव्हते. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. बंगळुरूसह सगळ्या मोठ्या विमानतळांवर माणसे बॅगांवर डोके टेकून पडली. नियोजनात चूक झाली, हे कंपनीनेच मान्य केले. मग सरकारने काय केले? रात्रीच्या कामाच्या नियमांतून कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली आणि साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये, हे बंधनही मागे घेतले. माणसे कमी मालकाने ठेवली आणि त्याची भरपाई कामगाराच्या झोपेतून झाली.

त्याच दिवसांत रेल्वेने ३७ गाड्यांना ११६ जादा डबे जोडले. अडकलेल्या प्रवाशांची सोय झाली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण ते डबे यार्डात जोडणारे, तपासणारे, त्यांत तिकिटे पाहणारे हातही कामगारांचेच होते. एका क्षेत्रातला भार दुसऱ्या क्षेत्राच्या खांद्यावर असा सरकतो.

आणि वर सांगितलेले हे नियम वैमानिकांसाठी. केबिन क्रूचे नियम वेगळे, त्यांच्या थकव्याची चर्चा त्याहून कमी. पुष्कळ कंपन्यांत त्यांच्या कमाईचा मोठा भाग उडालेल्या तासांवर ठरतो. विमान उशिरा आले म्हणून टर्मिनलमध्ये बसून काढलेले तास थकवा वाढवतात, पगार वाढवत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅनडात एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक केबिन क्रूने याच जमिनीवरच्या कामाच्या मोबदल्यासाठी संप केला. कामावर परत जा, हा आदेश झुगारून ते टिकून राहिले आणि तडजोड करून घेतली.

आपल्याकडे मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या शेकडो केबिन क्रूने एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली. या कंपनीत बंगळुरूची एआयएक्स कनेक्ट, म्हणजे पूर्वीची एअरएशिया इंडिया, विलीन केली जात होती. तक्रार वागणुकीची, सेवाशर्तींची आणि असमान न्यायाची होती. दोन दिवसांत शंभरावर उड्डाणे रद्द झाली, २५ जणांना काढून टाकले. ९ मे रोजी दिल्लीत मुख्य श्रम आयुक्तांसमोर युनियन बसली तेव्हा २५ जण कामावर परत आले. यातला धडा साधा आहे. ज्यांना ‘मी थकलो आहे’ असे उघड म्हणण्याची सोय नसते, त्यांना ‘मी आजारी आहे’ असे म्हणावे लागते. आणि काढलेल्या माणसाला परत आणायला शेवटी युनियनच लागते.

कोणी म्हणेल, यांचे पगार मोठे, आपल्याला काय त्यांचे? आम्ही विचारतो, आपले विश्रांतीचे तास कोणी आयते आणून दिले? १९४७ साली न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या निवाड्याने रेल्वे कामगारांच्या तासांना चौकट मिळाली; टपाल कामगारांच्या वादातही १९४६ मध्ये त्यांचाच निवाडा होता. १९७३ साली लोको कर्मचारी लढले तेव्हा दहा तासांची ड्युटी कबूल झाली. पुढच्याच वर्षी मंगळुरूत जन्मलेल्या जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली आपण वीस दिवस संप केला. आठ तासांचा दिवस ही त्यातली मागणी होती. तरीही काम पुरे झालेले नाही. लोको पायलटची साप्ताहिक ३० तासांची विश्रांती रोजच्या १६ तासांव्यतिरिक्त द्यावी, असा आदेश २००१ साली याच बंगळुरूच्या प्रादेशिक श्रम आयुक्तांनी दिला. २०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. आणि २०२४ च्या जूनमध्ये दक्षिण रेल्वेतील लोको पायलटांना तीच विश्रांती स्वतःहून घेऊन आंदोलन करावे लागले! जमिनीवर आदेश असूनही झोप मिळत नाही; आकाशात तर आदेशालाच सूट मिळते.

उलट दिशेने वारे वाहत आहेत, हेही विसरू नये. कर्नाटकाने २०२३ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती करून बारा तासांच्या पाळीला वाट करून दिली. एका क्षेत्रातली विश्रांती गेली की दुसऱ्या क्षेत्रातल्या साहेबांना उदाहरण मिळते. आज विमानात मिळालेली सूट उद्या आपल्या लिंकमध्ये येईल.

म्हणून आमचे म्हणणे चार मुद्द्यांत मांडतो. केबिन क्रूच्या विश्रांतीचे नियम वैमानिकांइतकेच कडक हवेत. माणसांची कमतरता हे सूट देण्याचे कारण कधीही धरू नये. थकलो म्हणून ड्युटी नाकारणाऱ्याला शिक्षा होऊ नये. रिपोर्टिंगपासून सुटकेपर्यंतचा प्रत्येक तास कामाचा तास म्हणून मोजून त्याचा मोबदला द्यावा.

शाखांना आमची विनंती आहे की या चार मुद्द्यांचा ठराव पुढच्या सभेत करावा आणि तो विमान कर्मचाऱ्यांच्या संघटनांपर्यंत पोचवावा. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली, भाच्या-पुतणे आज बंगळुरू, मुंबई, पुणे, नागपूर इथे या नोकरीत आहेत. सुटीला घरी आली की पगाराची चौकशी आपण करतोच. या वेळी झोपेची करा. युनियनचा सभासद झालीस का, हेही विचारा.

त्या पहाटे कोल्हापूरची ती मुलगी चहाचा कप ठेवून घाईघाईने आत गेली. जाताना म्हणाली, ‘काका, तुमच्याकडे रेस्ट मागायला युनियन आहे, नाही का?’ आहे. पण ती आपल्यापुरती राखून ठेवण्यासाठी आपण उभी केली नव्हती.