नाटक निवडणारी खुर्ची कुणाची?

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने तेथील अनेक नाट्यसंस्थांना मंजूर केलेली अनुदाने एकाएकी मागे घेतली. आंबेडकरी चळवळीला या बातमीशी काय कर्तव्य, असे कुणी विचारील. आम्ही म्हणतो, पुष्कळ कर्तव्य आहे.

अमेरिकेत ब्रॉडवेच्या बाहेर शहरोशहरी विनानफा तत्त्वावर चालणाऱ्या प्रादेशिक नाट्यसंस्था आहेत. त्यांचा कारभार कलासंचालक पाहतो. वर्षभरात कोणती नाटके करायची, ती कुणी बसवायची, नव्या लेखकाला दार उघडायचे की नाही, हे तो ठरवतो. म्हणजेच कुणाचे दुःख रंगमंचावर येणार, याचा निवाडा या खुर्चीवरून होतो.

या खुर्चीवर आपला माणूस बसला की काय घडते, ते लॉइड रिचर्ड्स यांनी दाखवले. १९७९ ते १९९१ या काळात हे कृष्णवर्णीय दिग्दर्शक येल रेपर्टरी थिएटरचे कलासंचालक होते. शाळा सोडून ग्रंथालयात स्वतःच शिकलेल्या ऑगस्ट विल्सन या लेखकाचे नाटक त्यांनी १९८४ मध्ये तेथे उभे केले. पुढे विल्सन यांना १९८७ आणि १९९० असे दोनदा पुलित्झर पारितोषिक मिळाले. प्रतिभा विल्सन यांची होतीच, पण ती ओळखणारा डोळाही त्या खुर्चीवर असावा लागला.

तरीही विल्सन समाधानी नव्हते. १९९६ मध्ये प्रिन्स्टन येथे नाट्यसंस्थांच्या परिषदेत त्यांनी हिशेबच मांडला. मोठ्या प्रादेशिक संस्थांच्या संघटनेत ६६ संस्था, त्यांत कृष्णवर्णीयांची फक्त एक! गोऱ्यांच्या नाटकात एखादी भूमिका नको, आमची स्वतःची रंगभूमी हवी, ही त्यांची मागणी होती.

पुणे करार जाणणाऱ्याला यातील मेख लगेच कळेल. १९३२ मध्ये आपल्या राखीव जागा वाढल्या, पण निवडून आणण्याची दोरी इतरांच्या हाती गेली. कलासंचालकाचेही तसेच आहे. त्याला नेमते आणि काढते विश्वस्त मंडळ, आणि मंडळाची नजर असते देणगीदारांवर. २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या एरिना स्टेजची सूत्रे हाना शरीफ या कृष्णवर्णीय महिलेकडे आली, याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु खुर्ची मिळणे वेगळे आणि संस्था आपली असणे वेगळे.

ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले, त्या डू बॉइस यांनी १९२६ मध्येच सांगून ठेवले होते की, नाटक आपल्याविषयी, आपण लिहिलेले, आपल्यासाठी आणि आपल्या वस्तीजवळ असावे. मात्र नुसते आपले असूनही भागत नाही. विल्सन यांनी उल्लेखिलेली ती एकमेव संस्था म्हणजे न्यू जर्सीतील क्रॉसरोड्स थिएटर. तिला १९९९ मध्ये टोनी पुरस्कार मिळाला आणि लगोलग आर्थिक अडचणीमुळे तिला आपला नाट्यहंगाम बंद करावा लागला. टाळ्यांनी भाडे भरता येत नाही!

आता आपल्याकडे वळू. शाहीर भीमराव कर्डकांच्या जलशांनी कुठल्याही विश्वस्त मंडळाची परवानगी मागितली नव्हती. वस्ती हेच नाट्यगृह आणि वस्तीच आश्रयदाती. पुढे दत्ता भगत, प्रेमानंद गज्वी यांनी कसदार नाटके लिहिली. २०१९ च्या नागपूर नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद गज्वींकडे आले, हा गौरव मोठाच. पण वर्षभर नाटक बसवणारी, नटांना मानधन देणारी आपली कायमस्वरूपी संस्था जिल्ह्याजिल्ह्यात आहे काय? जयंतीच्या एका रात्री डीजेवर जेवढी वर्गणी उधळली जाते, तिच्या निम्म्यात एक नाटक उभे राहते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. विहारांच्या विश्वस्तांनी आपले सभागृह आठवड्यातून एक दिवस नाटकाला द्यावे, जयंतीच्या वर्गणीचा ठराविक वाटा त्यासाठी ठरावाने बांधून घ्यावा आणि नाटक निवडण्याचा अधिकार एका जाणत्या कलावंताला द्यावा. त्या अधिकारात विश्वस्तांनीही ढवळाढवळ करू नये. दुसऱ्याच्या अनुदानावर उभी असलेली रंगभूमी एका पत्राने आडवी होते. आपल्या वर्गणीवर उभी राहिलेली रंगभूमी आपण ठरवू तोवर टिकेल.