बोलायचे ते वेळेवर, आणि आपल्याच माणसांना



आपल्या कपाशीची रुई पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आली. हार्बर लाईनवर डॉकयार्ड रोडला उतरले की माझगाव. तिथून दुसरे स्टेशन कॉटन ग्रीन. आपल्या गाठी तिथल्या गोदामांत उतरायच्या. मुंबईत ओझी वाहणारे माथाडीही आपल्यासारख्याच कोरडवाहू गावांतून पोटासाठी गेलेले. माझगावात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले. टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टा तिथलेच. टेकडीवरच्या बागेला त्यांचे नाव आहे.

त्या माझगावच्या शेजारी डोंगरीत जानेवारी १९९३ मध्ये माथाडी कामगारांचे खून झाले. बातमीवर अफवांचे थर चढले. ज्यांचा त्या खुनांशी काडीचा संबंध नव्हता अशा मुसलमानांची घरे पेटली. डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० माणसे मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ च्या अहवालात त्यांची मोजदाद आहे: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर. उरलेल्या ४५ जणांपुढे नुसते ‘अज्ञात’. या ४५ जणांचा सूड कोणी आणि कोणावर घ्यायचा? सूडवाल्यांनी याचे उत्तर द्यावे.

त्याच दिवसांत जमावाने एका कुटुंबाची गाडी घेरलेली पाहून सुनील गावसकर आपल्या इमारतीतून खाली धावले. आधी मला मारा, मग त्यांना हात लावा, असे त्यांनी जमावाला सुनावले. कुटुंब वाचले. ते मोठे नाव, त्यांचे ऐकले, असे कोणी म्हणेल. मग भिवंडीचे पाहा. १९७० आणि १९८४ साली तिथे भीषण दंगली झाल्या. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत दोन्ही धर्मांच्या साध्या माणसांच्या समित्या उभ्या केल्या. एकमेकांची तोंडओळख झाली, अफवा आली की खरेखोटे विचारायला माणूस सापडू लागला. मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली.

बोंडअळी बोंडात शिरल्यावर फवारणी वाया जाते, हे आपण जाणतो. ती अंडीअवस्थेतच रोखावी लागते. द्वेषाचेही तेच. चावडीवर, एस.टी. स्टँडवर, बाजारच्या दिवशी कोणी भलतेसलते बोलतो आणि आपण मान खाली घालून तंबाखू मळत बसतो. आम्हीही असे गप्प बसलो आहोत. ती चूक आम्ही इथे कबूल करतो.

परक्यांच्या जमावाला शिव्या देणे सोपे. आपल्या भावकीतल्या पोराचा हात धरणे अवघड. पण तो हात आपणच धरू शकतो. दुष्काळ, कर्ज आणि पडलेला भाव कोणाची जात विचारून घरात शिरत नाहीत. म्हणून या सभेतून गावी परतताना एवढेच ठरवा: गावात अफवा आली की ज्याच्याविषयी ती आहे त्याच्या दारात आधी जायचे, आणि चारचौघांत मोठ्याने बोलायचे.