वनौषधींच्या अंतरंगातील बुरशी : आशा आणि विवेक

सदाफुली हे आपल्या अंगणातील अगदी सामान्य झुडूप. मूळचे मादागास्करचे, पण आता सिल्वासातही कुंडीत आणि कुंपणाशी सहज रुजलेले. आपले गुजरातीभाषक शेजारी त्याला बारमासी म्हणतात. बालरोगतज्ज्ञाला मात्र या झुडपाविषयी विशेष कृतज्ञता वाटते. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे संशोधक मधुमेहावरील लोकौषध म्हणून सदाफुली तपासत होते. रक्तातील साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन हाती आले. त्याचे भावंड व्हिन्क्रिस्टिन १९६३ पासून अमेरिकेत वापरात आले. मुलांच्या रक्तकर्करोगावरील उपचारात आजही ते अपरिहार्य आहे.

अडचण आहे ती पुरवठ्याची. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात आणि व्हिन्क्रिस्टिन तर पानात त्याहूनही अल्प असते. २०१९ मध्ये अमेरिकेसारख्या संपन्न देशातही या औषधाची टंचाई झाली आणि बालकांचे उपचार अडचणीत आले. म्हणूनच वनस्पतींच्या ऊतींमध्ये वास्तव्य करणाऱ्या बुरशींकडे वैद्यकाचे लक्ष वेधले गेले.

या बुरशींना एंडोफाइट म्हणतात. मराठीत त्यांना अंतर्वासी म्हणता येईल. पान, खोड किंवा मुळाच्या आत त्या राहतात आणि झाडाला रोगाचे कोणतेही लक्षण दिसू देत नाहीत. आसरा आणि अन्न झाड पुरवते. त्यांपैकी कित्येक बुरशी कीड व रोगजंतूंना रोखणारी द्रव्ये तयार करून त्याची परतफेड करतात. दमट कोठारात साठवलेल्या मुळ्यांवर धरणारी बुरशी निराळी. तिच्यापासून अफ्लाटॉक्सिनसारखी विषे संभवतात. ‘बुरशी’ या एका शब्दामुळे या दोहोंत गल्लत होऊ नये.

१९९३ मध्ये अमेरिकेतील यू वृक्षाच्या एका बुरशीत टॅक्सॉल सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि या विषयाला वेग आला. टॅक्सॉल आणि कॅम्प्टोथेसिन या दोन्ही औषधी द्रव्यांच्या शोधात नंदुरबारचे सुपुत्र डॉ. मनसुख वाणी यांचा मोठा वाटा होता, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट. कॅम्प्टोथेसिन हे सह्याद्रीतील नरक्या, म्हणजेच अमृता, या झाडातही मिळते. निर्यातीसाठी या झाडाची बेसुमार तोड झाली. २००५ मध्ये जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी नरक्यातीलच एका बुरशीकडून कॅम्प्टोथेसिन मिळाल्याचे नोंदवले. पुढे २०१३ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी सदाफुलीतील फ्युजेरियम बुरशीतून व्हिन्ब्लास्टिन व व्हिन्क्रिस्टिन वेगळे केले.

बातमी आनंदाची आहे, पण हिशेबही मांडला पाहिजे. त्या बुरशीच्या एक लिटर संवर्धनात व्हिन्क्रिस्टिन मिळाले सुमारे ६७ मायक्रोग्रॅम. ०.७ चौरस मीटर शरीरक्षेत्र असलेल्या बालकाला एका वेळी साधारण एक मिलिग्रॅम लागते. म्हणजे शुद्धीकरणातील घट सोडून देऊनही एका मात्रेला पंधरा लिटर. शिवाय चीनमधील कॅम्प्टोथेका वृक्षातील बुरशी प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवली, तेव्हा तिची औषध बनवण्याची क्षमता घटत गेली. या निर्मितीतील एक विकर तिच्याकडे नसून ती झाडाचेच वापरते, असा निष्कर्ष २०११ मध्ये मांडण्यात आला. यू वृक्षातील बुरशींविषयीही २०१३ मधील एका तपासणीत स्वतंत्र टॅक्सॉलनिर्मितीचा पुरावा मिळाला नाही. २०२२ मध्ये यीस्टमध्ये अनेक जनुके बसवून व्हिन्ब्लास्टिनचे दोन पूर्वघटक तयार करण्यात आले. यीस्ट हीदेखील बुरशीच. पण तो मार्ग निराळा, मानवाने आखलेला.

मग या संशोधनाला निरर्थक म्हणावे काय? मुळीच नाही. माझ्या मते त्यातून मिळणारा खरा बोध वेगळाच आहे. औषधी गुण हा पुष्कळदा एकट्या झाडाचा नसून झाड आणि त्याच्या आतील रहिवासी यांच्या सहजीवनाचा असू शकतो. हे सहजीवन माती, पाऊस आणि आसपासच्या रानाप्रमाणे बदलते. म्हणून रोपवाटिकेत एका जातीची हजार रोपे लावली म्हणजे रानातील ती जात जपली गेली, असे मानता येत नाही. झाड त्याच्या मूळ जागेसह जपले पाहिजे.

दादरा व नगर हवेलीचा मोठा भाग आजही वनाच्छादित आहे. वारली, कोकणा, धोडिया समाजांतील जाणत्यांना तेथील वनस्पतींची ओळख आहे. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला आणि लोकजैवविविधता नोंदवहीची तरतूदही आहे. ही नोंदवही जाणत्यांच्या सहभागाने, त्यांचा हक्क मान्य करून परिपूर्ण व्हावी आणि वनस्पतीबरोबर तिच्या अंतर्वासी बुरशींचेही नमुने विद्यापीठीय प्रयोगशाळांत जतन व्हावेत. आपल्या संघटनेने हा आग्रह धरावा.

दुसरे कर्तव्य दवाखान्यातले. सदाफुलीची पाने चघळण्याचा वा त्यांचा काढा मुलाला देण्याचा सल्ला आजही ऐकू येतो. ज्या द्रव्याची मात्रा आपण शरीराचे क्षेत्रफळ मोजून ठरवतो, ते मोजमापाविना पोटात जाणे धोक्याचे आहे. पालकांना हे न रागावता, समजावून सांगितले पाहिजे. रानाविषयी आदर आणि मात्रेविषयी काटेकोरपणा, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांनी एकाच श्वासात शिकवायला हव्यात.